गोष्ट वाचताना मध्ये थांबायचंच नाही?

पालकांच्या गटांमध्ये सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: चित्रपुस्तक वाचून दाखवताना मध्ये थांबू नका, प्रश्न विचारू नका, रसभंग होतो. आधी तयारी करणं म्हणजे घराची शाळा करणं. चित्रांवर रेंगाळलात तर मुलाचं अक्षरांकडे लक्ष जात नाही. आणि तेच पुस्तक पुन्हा नको, रोज नवं द्या. मी दर शनिवारी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवते, त्यामुळे राहवलं नाही.

प्रश्नांचा मुद्दा अर्धा खरा आहे. "हा रंग कोणता? फांदीवर पक्षी किती?" ही तोंडी परीक्षाच झाली. मीही आधी हेच करायचे आणि मुलं चटईच्या काड्या उपटत बसायची. पण म्हणून प्रश्नच नकोत? १९८८ साली अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मुलं दोन-अडीच वर्षांची, जेमतेम तीसेक. वाचन दोन्ही गटांत होत होतं. एका गटातल्या पालकांना मात्र मोकळे प्रश्न विचारायला आणि मुलाच्या उत्तरात भर घालायला शिकवलं होतं. महिन्याभरानंतर बोलण्याच्या एका चाचणीत या गटातली मुलं दुसऱ्या गटाच्या ८.५ महिने पुढे निघाली. २००८ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा चार-पाच वर्षांच्या मुलांमध्ये हा फायदा कमी दिसला, हेही सांगायला हवं. म्हणजे ही काही जादूची कांडी नाही.

खरी गंमत प्रश्नात नसतेच, उत्तरानंतर आपण काय बोलतो त्यात असते. मूल म्हणतं, "मनी पळाली." आपण म्हणायचं, "हो ना, दुधाचं पातेलं लवंडून मनी धूम पळाली!" चूक काढायची नाही, वाक्य जरा लांबवायचं. दोन-तीन वेळा ऐकलं की 'लवंडून' मुलाच्या तोंडात येतं, आणि मग आठवडाभर घरातली प्रत्येक वस्तू लवंडते. रसभंगाचं म्हणाल तर कीर्तनकारही मध्येच थांबून विठ्ठलनामाचा गजर करून घेतो. तिथे कोणी कुरकुरत नाही.

तोच कीर्तनकार तयारीशिवाय उभाही राहत नाही. माझी तयारी दहा मिनिटांची. पुस्तक एकदा मोठ्याने वाचायचं, कुठलं पान सावकाश उलटायचं ते ठरवायचं, थांबण्याच्या दोन-तीन जागी चिकट चिठ्ठ्या लावायच्या. अडणारे शब्द आधीच हेरायचे. एका गोष्टीतली आजी सुपाने तांदूळ पाखडत होती. शहरातल्या मुलांना सूप म्हणजे टोमॅटोचं! दुसऱ्या खेपेला पिशवीत खरं सूप घेऊन गेले.

चित्रांबद्दलची भीती तर उगाचच. वाचता न येणारी मुलं ऐकताना बहुतेक वेळ चित्रच बघतात, हे नजरेचा माग घेणाऱ्या अभ्यासांत दिसलंय. शब्द त्यांच्याकडे कानांनी येतात. शिवाय चांगल्या पुस्तकात चित्र मजकुराच्या पुढचं सांगतं: शब्द म्हणतात 'बाबा कामाला लागले' आणि चित्रात बाबा घोरतायत. हे मुलाने आधी पकडलं पाहिजे, म्हणून अशा पानावर मी गप्प बसते. अक्षरांची ओळख हवीच असेल तर पुस्तकाचं नाव वाचताना त्याखाली बोट फिरवा, तेवढं पुरतं.

राहिलं 'रोज नवं पुस्तक'. पहिल्यांदा मी जवळजवळ न थांबता वाचते. इथे त्या मजकुराशी माझं जमतं. दुसऱ्यांदा 'असं का केलं असेल?' विचारते. तिसऱ्यांदा गोष्ट मुलंच सांगतात. परवा चौथ्यांदा तेच पुस्तक वाचताना घाईत माझ्याकडून दोन पानं एकदम उलटली गेली. मागून एक चार वर्षांचा आवाज आला, "ताई, थांब. मनी अजून पळालीच नाहीये!"