साध्या वायूचे गणित

माझ्या भाचीच्या रसायनशास्त्राच्या वहीत माझे बरोबर उत्तर खोडून एका सर्वस्वी अनोळखी गृहस्थांचे चुकीचे उत्तर लिहिले गेले आहे, आणि तेही माझ्याच पेनाने. दंतवैद्याच्या प्रतीक्षागृहात वेळ जाता जात नव्हता म्हणून तिने गणित पुढे केले: 20 अंश सेल्सिअसला 2 लिटर असलेला वायू, दाब तोच ठेवून, 40 अंशांपर्यंत तापवला तर त्याचे आकारमान किती होईल? दोन्ही तापमानांत 273 मिळवायचे, म्हणजे 293 आणि 313 केल्विन मिळतात, आणि उत्तर 2.14 लिटरच्या आसपास येते, असे मी सांगत होतो. एवढ्यात शेजारचे गृहस्थ, ज्यांचा एक गाल चांगलाच सुजलेला होता आणि म्हणून ज्यांनी निदान बोलू नये अशी माझी रास्त अपेक्षा होती, म्हणाले, "चार."

"चार काय?"

"चार लिटर. विसाचे चाळीस झाले, म्हणजे दोनाचे चार. उगाच पोरीला 273 च्या फेऱ्यात कशाला अडकवताय?"

मी सौजन्याने सांगितले की आकारमान निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे केल्विनमध्ये मोजलेल्या तापमानाच्या, समप्रमाणात असते, सेल्सिअसच्या आकड्याच्या नव्हे. हीच दोन तापमाने फॅरनहाइटमध्ये मोजली तर 68 आणि 104 भरतात, म्हणजे जेमतेम दीडपट. मग सेल्सिअसचा तापमापक लावला की वायूने दुप्पट फुगायचे आणि फॅरनहाइटचा लावला की दीडपट, असे त्याने कसे करावे? बाहेर कोणता तापमापक टांगला आहे, हे त्याला कोण कळवणार?

"फॅरनहाइट ताप मोजायला असतो," गृहस्थ म्हणाले. "वायूला ताप येत नाही."

प्रतीक्षागृहातील दोघांनी मान डोलावली. मी धीर सोडला नाही. "बरे, हाच वायू उणे 10 अंशांपर्यंत थंड केला तर? तुमच्या त्रैराशिकाने आकारमान उणे 1 लिटर येते. उणे 1 लिटर वायू कोणत्या भांड्यात ठेवायचा?"

"उणे दहाला वायू गोठतो."

"नायट्रोजन उणे 196 अंशांना द्रवरूप होतो," मी म्हणालो. माझा आवाज थोडा चढला असावा. "हेलियम तर उणे 269 ला."

"ते नायट्रोजनचं झालं. मी साध्या वायूबद्दल बोलतोय."

यावर काय बोलणार? साधा वायू! मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत ज्याला घर नाही, जो विसाचे चाळीस झाले की आज्ञाधारकपणे दुप्पट होतो आणि थंडी पडली की निमूटपणे गोठून पुढचे अवघड प्रश्न टाळतो, असा हा वायू शोधून काढणाऱ्या माणसाशी वाद घालण्याचे साधन माझ्याजवळ नव्हते. एवढ्यात भाची म्हणाली, "मामा, काकांचं उत्तर पूर्णांकात येतंय," आणि तिने माझ्या खिशाचे पेन काढून घेतले.

खरे तर माझा राग त्या गृहस्थांपेक्षा शून्य वाटेल तेथे मांडून ठेवणाऱ्या मंडळींवर आहे. फॅरनहाइटने 1724 मध्ये बर्फ, पाणी आणि नवसागराच्या मिश्रणाला शून्य ठरवले. सेल्सिअसने 1742 मध्ये पाणी उकळते तेथे 0 आणि गोठते तेथे 100 असे उलटे आकडे मांडले, आणि काही वर्षांतच इतरांना ते फिरवून घ्यावे लागले. दोन्ही शून्ये सोयीची. तिसऱ्या मजल्यापासून पायऱ्या मोजायला लागावे आणि विसाव्या पायरीवरून चाळिसाव्या पायरीवर गेल्यावर जमिनीपासूनची उंची दुप्पट झाली म्हणावे, तसा हा प्रकार आहे. खालचे मजले वायूने मोजायचे सोडलेले नाहीत. दाब कायम असेल तर दर अंशामागे वायू आपल्या 0 अंशाच्या आकारमानाच्या सुमारे 273 व्या भागाइतका आकसतो, आणि तापमान व आकारमान यांच्या आलेखाची रेषा कागदावर तशीच खाली ओढत नेली की उणे 273.15 ला आकारमान संपते. थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने, 1848 मध्ये निरपेक्ष मोजपट्टी मांडली. म्हणून 20 अंशांचा वायू खरोखर दुप्पट करायचा तर तो 313 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो, आणि तोवर कथिल केव्हाच वितळलेले असते. नुसते 40 अंश करून आकारमान शेकडा सातनेसुद्धा वाढत नाही. जाता जाता सांगायचे तर, वायूच्या फुगण्याचा हा नियम ज्याच्या नावाने ओळखतात त्या चार्ल्सने 1787 च्या सुमारास केलेले प्रयोग छापलेच नव्हते. गे-ल्युसॅकने 1802 मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध करताना त्याचे श्रेय त्याला दिले. दुसऱ्याचे बरोबर उत्तर न खोडणारी माणसे तेव्हा होती.

पण शिकवणारी पुस्तकेही काही कमी नाहीत. "273 मिळवा" हे वाक्य ती मंत्रासारखे छापतात. का मिळवायचे ते एका ओळीत उरकतात, आणि मग पर्यायांत अगदी पहिल्या क्रमांकावर 4 लिटर ठेवून पोरांची वाट पाहत बसतात. भाचीच्या सरावपुस्तिकेत तर पुढच्याच पानावर प्रमाण तापमान व दाबाला एक मोल वायूचे, म्हणजे रेणूंच्या एका ठरावीक संख्येचे, आकारमान 22.4 लिटर दिले आहे, आणि मागच्या उत्तरांत तेच 22.7 धरून हिशेब केले आहेत. कारण आहे, नाही असे नाही: रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1982 मध्ये प्रमाण दाब 1 अॅटमॉस्फिअरवरून 1 बारवर आणला, दाब किंचित उतरला आणि आकारमान तेवढे वाढले. पण ज्या पुस्तकाने एका पानावर जुना दाब धरायचा आणि दुसऱ्यावर नवा, त्याने निदान तळटीप द्यायला काय हरकत होती? 0 अंशाला 1 बार दाबाखालच्या आदर्श वायूचा मोल 22.71 लिटर भरतो, हे मी तिला कागदावर करून दाखवू लागलो.

"मामा, राहू दे," भाची वही मिटत म्हणाली. "वर्गात 22.4 लिहायचं आणि परीक्षेत 22.7. तू यात पडू नकोस."