त्यांच्या ताटावर मत देणारे आपण कोण?

आज शाळेच्या ग्रुपवर अलास्कातल्या मूळ रहिवाशांच्या देवमाशाच्या शिकारीचा व्हिडिओ आला आणि खाली धडाधड शेरे. रानटी लोक, गोळ्या घाला यांना. 2017 मध्ये तिथल्याच गॅम्बेल गावच्या 16 वर्षांच्या पोराने गावासाठी देवमासा मारला, तर त्यालाही जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या. शाळकरी पोरगा हो! डोकं तापलंय माझं.

मी अलास्कात अँकरेजला असताना जूनमध्ये अगदी उत्तरेच्या उतकियाग्विकला गेले होते, नालुकाताकसाठी. वसंतातली शिकार यशस्वी झाली की हे गावजेवण होतं. कप्तान आणि त्याची बायको सगळ्यांना वाढतात, विकायचं नाव नाही. शेजारच्या आजीने माझ्यासारख्या परक्या बाईच्या हातातही मुक्तुक ठेवलं. देवमाशाची काळी कातडी, खाली गुलाबीसर चरबी, चावायला ओल्या खोबऱ्यासारखं. "पुरेल ना तुला?" हे वर.

ही गावं मारतात ते बोहेड जातीचे देवमासे बेसुमार मारले कोणी? 1848 पासून बेरिंगच्या सामुद्रधुनीतून आत घुसलेल्या व्यापारी जहाजांनी, तेलासाठी आणि बायकांच्या घट्ट कॉर्सेटच्या पट्ट्यांसाठी. आणि 1977 मध्ये देवमाशांच्या शिकारीवरच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने बंदी घातली ती या गावांवर! म्हणे देवमासे थोडेच उरलेत. शिकारी सांगत होते, ते बर्फाखालूनही जातात, तुम्हाला दिसत नाहीत. पाण्यात मायक्रोफोन सोडून ऐकलं, तेव्हा शिकाऱ्यांचंच खरं निघालं. 2011 च्या मोजणीत आकडा 16 हजारांच्या वर गेला. बंदी जाऊन कोटा आला, म्हणजे किती मारायचे त्याची मर्यादा. ती आंतरराष्ट्रीय आयोग ठरवतो, आणि आता 11 गावांचा स्वतःचा आयोग कोटा गावागावांत वाटून देतो.

हो, जखमी होऊन निसटणारेही असतात, आणि ते मरण वाईटच. पण म्हणूनच भाला लागलेला प्रत्येक देवमासा हिशेबात धरतात, किनाऱ्याला आला नाही तरी.

त्या आजीने मला गोठलेल्या जमिनीत खोदलेलं मांसाचं तळघरही दाखवलं. आत पाणी झिरपायला लागलं होतं. तक्रारीचा सूरही नव्हता तिचा, नुसतं दाखवलं. ती जमीन वितळतेय ती तिच्या होडीमुळे नाही, आपल्या विमानांमुळे आणि एसींमुळे. दुकानातलं सामान विमानाने येतं, भाव ऐकून मीच गप्प झाले. तिने खायचं काय मग?

तरी दर काही वर्षांनी तिच्या लोकांना त्या आयोगात परक्या देशांपुढे जाऊन परवानगी मागावी लागायची. 2002 मध्ये जपानमधल्या शिमोनोसेकीच्या बैठकीत दुसऱ्यांच्या राजकारणापायी कोटा नाकारला गेला, मग पुन्हा बैठक घेऊन ऑक्टोबरमध्ये मिळाला. कोटा अटींवर आपोआप पुढे चालू राहील, हे ठरायला 2018 उजाडलं. आपल्या भात-आमटीवर असं परदेशात मतदान झालं असतं, तर आपण एक दिवस तरी ऐकून घेतलं असतं का?