सेव्हन पॉइंट वन, आठ हजारांचं साउंड कार्ड आणि फुल व्हॉल्यूम: त्या फॉरवर्डला उत्तर

"कमी बजेटमध्ये प्रो गेमर सेटअप, ही ६ गुपितं दुकानदार सांगणार नाहीत" असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला होता, असले रोज येतात, पण परवा भाच्याने तो ताईला पाठवला आणि ताईने मला, खाली एकच ओळ, "अरे हा म्हणतो साउंड कार्डालाच आठ हजार लागतील, खरंच लागतं का ते?" पोरगा अकरावीत, पीसी मीच जोडून दिलाय, आणि हा मेसेज वाचून त्याने व्हॉल्यूमचे प्रयोग आधीच सुरू केलेत असं ताईच्या बोलण्यावरून दिसतंय. म्हणून आता लिहितोच.

ज्यांच्यापर्यंत आला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात. एक, मदरबोर्डचा साउंड म्हणजे कचरा, आधी साउंड कार्ड घ्या. दोन, हेडफोन ७.१ च (म्हणजे भोवती सात स्पीकर आणि एक बास असल्याचा भास देणारा) पाहिजे, स्टिरिओमध्ये शत्रू कुठून येतोय ते कळतच नाही. तीन, ५० एमएमचा ड्रायव्हर (हेडफोनच्या आतला छोटा स्पीकर) नसेल तर हात लावू नका. चार, ३८४ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटचा (सेकंदाला आवाजाची किती मापं घेतली त्याचा) सपोर्ट बघा. पाच, ओहम (हेडफोनचा विजेला होणारा अडथळा) जितके जास्त तितका आवाज भारी. आणि सहा, पावलं ऐकायची असतील तर व्हॉल्यूम १०० वर ठेवा, वर इक्वलायझरच्या सॉफ्टवेअरमध्ये २० डीबीचा (डेसिबलचा) बूस्ट मारा, "सगळे प्रो असंच खेळतात".

सहावा आधी घेतो. बाकीच्या पाचांत पैसे जातात, यात कान जातात.

डेसिबल हा साधा बेरजेचा आकडा नाहीये. ३ डीबी वाढले की कानावर आदळणारी ऊर्जा दुप्पट, १० वाढले की दहापट, २० वाढले की शंभरपट. जागतिक आरोग्य संघटना आणि आयटीयू (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना) यांनी मिळून ठरवलेली सुरक्षित मर्यादा मोठ्या माणसांसाठी ८० डीबीवर आठवड्याला ४० तास आहे, लहान मुलांसाठी ७५ डीबीवर ४० तास. आता करा हिशोब. पोरगा ८० डीबीवर खेळत होता, हा मेसेज वाचून त्याने २० चा बूस्ट मारला आणि गेला १०० डीबीवर. ऊर्जा शंभरपट म्हणजे वेळ शंभरावा हिस्सा, ४० तासांची झाली २४ मिनिटं, आणि ही २४ मिनिटं अख्ख्या आठवड्याची आहेत, दिवसाची नव्हेत. मुलांची मर्यादा धरली तर आठसुद्धा होत नाहीत. व्हॅलोरंटची एक धड मॅच यापेक्षा जास्त वेळ चालते राव.

"पण पीसीतून कुठे एवढा आवाज येतो?" येतो की. साधा ३२ ओहमचा इअरफोन घ्या, सेन्सिटिव्हिटी १०० डीबी प्रति मिलिवॅट धरा, स्वस्तातल्या बऱ्याच इअरफोनची याहून जास्तच असते. मदरबोर्डच्या जॅकमधून १ व्होल्ट आला तर त्यात जाते साधारण ३१ मिलिवॅट पॉवर, म्हणजे वर आणखी १५ डीबी, एकूण ११५. हे आकडे डोक्यात ठेवा, साउंड कार्डाच्या वेळी परत लागणार आहेत.

जानेवारी २०२४ मध्ये 'बीएमजे पब्लिक हेल्थ' या जर्नलमध्ये गेमिंग आणि ऐकण्याच्या त्रासावरचा एक आढावा आला होता, १४ अभ्यास, सगळे मिळून ५३,८३३ माणसं. त्यात गेमिंग सेंटरमधला सरासरी आवाज ८० ते ८९ डीबीच्या घरात आढळलाय आणि एका अभ्यासात गेममधल्या अचानक येणाऱ्या आवाजांची, म्हणजे गोळ्या, स्फोट वगैरेंची पातळी ११९ डीबीपर्यंत गेलेली. मुलांसाठी अशा अचानक आवाजाची मर्यादा १०० च्या आसपास धरतात. पुरावा अजून मर्यादित आहे, आणखी अभ्यास व्हायला पाहिजेत, असंही त्यात स्पष्ट लिहिलंय, मी काही ते लपवत नाही. पण कानाच्या आतल्या ज्या बारीक केसपेशी मोठ्या आवाजाने मरतात त्या माणसात परत उगवत नाहीत याबद्दल कुणाचं दुमत नाही. कानात कायमची शिट्टी वाजायला लागली की रँक कुठलाही असो, झोप लागत नाही.

आता यातलं जे अर्धं खरं आहे ते देऊन टाकतो, नाइलाज आहे. पावलं हळू ऐकू येतात ही तक्रार खोटी नाही. गोळीचा आवाज मोठा आणि पावलांचा बारीक, त्यामुळे पावलांसाठी व्हॉल्यूम वाढवला की गोळीला कान फाटतो. यावर विंडोजमध्ये 'लाउडनेस इक्वलायझेशन' नावाचा पर्याय साउंडच्या बऱ्याच ड्रायव्हर सॉफ्टवेअरसोबत फुकट मिळतो, साउंड सेटिंगमधल्या एनहान्समेंट्समध्ये बघा. तो बारीक आवाज वर उचलतो, मोठा खाली दाबतो. काम करतो, खरंच करतो. पण तो लावायचा तर व्हॉल्यूम कमी करून लावायचा, आणि त्याचा एक तोटा असा की लांबची आणि जवळची पावलं जवळजवळ सारखीच ऐकू यायला लागतात, अंतर कळेनासं होतं. सरसकट २० डीबीचा बूस्ट मारण्यात तर तेवढीही अक्कल नाही, तो सगळंच वाढवतो आणि जे डिजिटल मर्यादेच्या वर जाईल ते कापलं तरी जातं नाहीतर चेपलं तरी जातं, मग ऐका फाटका आवाज.

आणि "सगळे प्रो"? काउंटर स्ट्राइकच्या मोठ्या स्पर्धा बघा कधीतरी, नीट बघा. स्टेजवरचे खेळाडू कानात इन-इअर घालतात, त्यातून गेम ऐकतात, आणि त्यावर मोठा हेडसेट चढवतात, ज्यात प्रेक्षकांचा गोंगाट झाकायला व्हाइट नॉइज (एकसुरी खरखर) सोडलेला असतो. म्हणजे सगळी धडपड बाहेरचा आवाज आत येऊ न देण्याची. आपल्याकडे डोक्यावर पंखा गरगरतोय, आत कुकर, खाली रिक्षा, त्याच्यावर मात करायला पोरं व्हॉल्यूम चढवतात. सिलिकॉनच्या टिपा नीट बसलेला इन-इअर घातला की निम्मा गोंगाट तिथेच अडतो आणि व्हॉल्यूम आपोआप खाली येतो. फक्त आई हाक मारते ते ऐकू येत नाही, पण ते असंही येत नव्हतं.

आता ७.१. या सगळ्यातला सर्वांत हास्यास्पद मुद्दा हाच.

आपल्याला कान दोन. मागून आवाज आला तर तो मागून आलाय हे आपण दोन कानांवरच ओळखतो, त्यासाठी डोक्याला सात कान फुटलेले नसतात. उजवीकडचा आवाज उजव्या कानात आधी पोचतो, डाव्यात फार तर ०.६-०.७ मिलिसेकंदाने उशिरा आणि थोडा बारीक होऊन, शिवाय कानाच्या पाळीच्या वळणांमुळे वरून, खालून, मागून येणाऱ्या आवाजाचा पोत बदलतो. मेंदू यावरून दिशा काढतो. हेच गणित गेम स्वतः करून साध्या स्टिरिओ हेडफोनला देऊ शकतो, त्याला एचआरटीएफ म्हणतात. काउंटर स्ट्राइकमध्ये ते २०१६ पासून आहे, व्हॅलोरंटच्या ऑडिओ सेटिंगमध्ये त्याच नावाचा पर्याय आहे. फुकट. चालू करा, एवढंच.

७.१ वाला हेडसेट काय करतो? गेमकडून सात काल्पनिक स्पीकरचा आवाज घेतो, ते स्पीकर सगळे एकाच पातळीवर, डोक्याभोवती गोल मांडलेले, आणि मग तो परत दोन ड्रायव्हरमध्ये कोंबतो. वर-खाली हा प्रकार त्या गोलात नाहीच. काउंटर स्ट्राइकमधला न्यूक मॅप खेळलेल्यांना सांगायला नको, बॉम्ब लावायची एक साइट वर, दुसरी तिच्या बरोब्बर खाली, आणि पावलं वर वाजतायत की खाली हाच तर तिथला सगळा खेळ. त्यात आणखी गेमचं एचआरटीएफ चालू, वर हेडसेटचं ७.१ पण चालू, म्हणजे शिजवलेला भात परत कुकरला लावल्यासारखं, होतो फक्त गिच्चा.

फॉरवर्डवाल्याने "बजेट नसेल तर हे तरी घ्या" म्हणून खाली एका यूएसबी डाँगलचा फोटो टाकलाय. मुंबईत लॅमिंग्टन रोडला शे-दीडशे रुपयांना मिळतं ते, अंगठ्याएवढं. त्याच्यावर ठळक छापलेलं असतं 'व्हर्च्युअल ७.१ चॅनल'. हातात घेऊन बघा. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला दोन भोकं, एक हेडफोनचं, एक माइकचं. झालं. आत बहुतेक वेळा सी-मीडियाची साधी स्टिरिओ चिप. सात स्पीकर जोडणार कुठे, कपाळाला? नाही म्हणायला खरेखुरे जास्त ड्रायव्हर घातलेले हेडसेट निघाले होते, रेझरच्या टियामॅट ७.१ मध्ये दोन्ही कानांत मिळून दहा होते, पण ते प्रकरण बजेटवाल्यांसाठी नव्हतंच.

ज्या गेममध्ये स्वतःचं एचआरटीएफ नाही, एकट्याने खेळायचे स्टोरी गेम वगैरे, तिथे व्हर्च्युअल सराउंडने मजा येऊ शकते, हे मान्य. पण त्यासाठीही विंडोज १० आणि ११ मध्ये 'विंडोज सॉनिक' आधीच भरलेलं आहे. आवडलं तर ठेवा, नाही तर बंद करा, खर्च शून्य.

साउंड कार्ड. हा मुद्दा पंचवीस वर्षांपूर्वी एकदम बरोबर होता. १९९८ ला क्रिएटिव्हचं साउंड ब्लास्टर लाइव्ह आलं, ईएएक्स आलं, ऑरियलचं ए३डी होतं (दोन्ही गेमच्या आवाजाला जागेचा, दिशेचा भास देणारी तंत्रं), तेव्हा प्रोसेसर बिचारे एवढे दमलेले असायचे की आवाजाचं गणित कार्डावर ढकललं की गेम हलका व्हायचा आणि आवाजही वेगळाच यायचा. मग २००७ च्या सुरुवातीला विंडोज व्हिस्टा बाजारात आली आणि मायक्रोसॉफ्टने डायरेक्टसाउंडची, म्हणजे गेमचा आवाज हाताळणाऱ्या विंडोजमधल्या सोयीची, थेट कार्डापर्यंत जायची वाटच काढून टाकली. जुने गेम चालवायला क्रिएटिव्हला अल्केमी नावाचं वेगळं सॉफ्टवेअर काढावं लागलं. तेव्हापासून आवाजाचं गणित प्रोसेसर करतो आणि आजच्या प्रोसेसरला ते कळतही नाही. कार्डाकडे उरलं काय, तर डिजिटलचा अॅनालॉग करणं आणि थोडं अॅम्प्लिफाय करणं. ते स्वस्तातल्या बोर्डावरची रिअलटेकची ८९७ सारखी चिपही बजेट हेडफोनपुरतं व्यवस्थित करते. वरचा हिशोब आठवा, १ व्होल्टला ११५ डीबी. अजून कुठे जायचंय?

हां, एक गोष्ट खरी आहे. काही पीसींमध्ये हेडफोन लावला की बारीक चीं चीं येते, माउस हलवला की बदलते, गेम चालू केला की वाढते. ही चिपची चूक क्वचितच असते. बहुतेकदा कॅबिनेटच्या पुढच्या जॅकपासून बोर्डापर्यंत जी लांब केबल जाते ती ग्राफिक्स कार्डाच्या शेजारून जाताना कचरा उचलते. आधी हेडफोन मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावा. पुष्कळदा तिथेच काम होतं. नाही झालं तर कॅबिनेटच्या बाहेर राहणारं यूएसबी काहीतरी घ्या, अॅपलचं टाइप-सीचं छोटं हेडफोन अडॅप्टर हजाराच्या आसपास मिळतं आणि त्याची मोजमापं त्याच्या कितीतरी पट महाग वस्तूंना लाजवतील अशी आहेत, विंडोजवर निमूट चालतं. आठ हजारांचं इंटर्नल कार्ड तर त्याच कॅबिनेटमध्ये, त्याच ग्राफिक्स कार्डाच्या शेजारी बसणार ना? मग चीं चीं कशी जाईल याची खात्री कोण देणार?

उरलेले तीन पटकन. ५० एमएम: सेनहायझरचा एचडी ६०० जगभर नावाजलेला आहे, त्याचा ड्रायव्हर चाळीस-बेचाळीसचा, आणि इन-इअरमध्ये तर दहा एमएममध्ये सगळं भागतं. ३८४ किलोहर्ट्झ: सॅम्पल रेटच्या निम्म्यापर्यंतचे आवाज त्यात बसतात, ४४.१ मध्येच २२ किलोहर्ट्झ बसतं, माणूस तरुणपणी २० पर्यंत ऐकतो, गेममधले आवाजच मुळात ४४.१ नाहीतर ४८ चे असतात. बाकीचं वटवाघळांसाठी ठेवा. ओहम: जास्त ओहमला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणजे हौसेने २५० ओहमचा घ्याल आणि आवाज कमी येतो म्हणून अॅम्प घ्यायला पळाल. पहिला आणि पाचवा मुद्दा एकाच मेसेजमध्ये का आहेत ते कळलं असेल.

आणि "महाग ते चांगलं" हा जो सूर सगळ्या मेसेजभर आहे, त्याबद्दल एकच. २०१७ साली ऑडिओ संशोधक येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोन मोजून किंमत आणि फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचा (जाड-बारीक सूर किती कमी-जास्त वाजतात त्याचा) संबंध तपासला होता. सापडला नाही.

मग घ्यायचं काय. भाच्याला मी सांगितलंय, दीड-दोन हजारांचा माइकवाला वायर्ड इन-इअर घे, मूनड्रॉप, केझेड, ७हर्ट्झ यांचे त्या रेंजमध्ये बरेच मिळतात. कानात घालणं सहन होत नसेल तर साधा बंद कपांचा स्टिरिओ हेडफोन, ज्याच्यावर दिवे नाहीत असा, कारण दिव्यांचे पैसे आवाजातूनच कापलेले असतात. ब्लूटूथ गेमिंगला नको, गोळी दिसते आधी आणि ऐकू येते नंतर, शिवाय माइक चालू केला की आवाज फोन कॉलसारखा होतो. वायरलेसच पाहिजे तर स्वतःचं २.४ गिगाहर्ट्झचं डाँगल असलेला, पण त्या बजेटमध्ये चांगला मिळणं अवघड.

आणि घेण्याआधी पीसीचे जॅक बघून ठेवा. इन-इअरचा जॅक फोनवाला असतो, त्याच्यावर तीन काळे पट्टे, आवाज आणि माइक एकाच पिनमध्ये. पीसीला मागे हेडफोनचा हिरवा वेगळा, माइकचा गुलाबी वेगळा. थेट खुपसला की आवाज येतो, माइक येत नाही, आणि मग "माइक खराब आला" म्हणून वस्तू परत पाठवायची घाई होते. शंभर-दीडशे रुपयांचा वाय स्प्लिटर मिळतो, त्याची एक बाजू हिरव्यात, एक गुलाबीत, बास.