नातवंडाचा ताबा आणि एक फिरता मजकूर

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असलेल्या घरांतून एक मजकूर हातोहात फिरतो आहे. आई-बाप मुलाला नीट सांभाळत नाहीत अशी तिकडे कुणी तक्रार केली की सरकार मूल उचलते, न्यायाधीश सुखवस्तू घर पाहून ते कायमचे परक्यांना देतो, आजी-आजोबांना कुणी विचारतही नाही, तेव्हा धावपळ व्यर्थ आहे, असा त्याचा आशय.

सुखवस्तू घराचा मुद्दा कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्येच ‘इन रे बी. जी.’ या प्रकरणात निकालात काढला. चेकोस्लोवाकियातून मुलांना घेऊन आलेले वडील कॅलिफोर्नियात वारले आणि मुले फॉस्टर घरी, म्हणजे सरकारी व्यवस्थेतून मुले तात्पुरती सांभाळणाऱ्या परक्या कुटुंबात, गेली. मायदेशी असलेल्या आईला मात्र रीतसर नोटीसही गेली नव्हती. परक्या घरी मुलांचे अधिक भले होईल एवढे मत पुरेसे नाही, आईकडचा ताबा मुलांना अपायकारक ठरेल असा निष्कर्ष नोंदवल्याशिवाय तो आई-बापांखेरीज कुणालाही देता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले.

‘कायमचे’ हा शब्दही सैल वापरला आहे. पालकत्व संपुष्टात आणायचे तर स्पष्ट व खात्रीलायक पुरावा हवा, पारडे जरासे झुकले म्हणून चालणार नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘सँटोस्की विरुद्ध क्रेमर’मध्ये (१९८२) ठरवले. मूल तात्पुरते काढून घ्यायला याहून कमी पुरावा पुरतो. मजकुरातली भीती तेवढ्यापुरती खरी.

आजी-आजोबांना विचारत नाहीत, हे तर कायद्याच्या उलट आहे. २००८ च्या संघीय (अमेरिकाभर लागू असलेल्या) कायद्यानुसार मूल काढून घेतल्यापासून ३० दिवसांत आजी-आजोबा व इतर प्रौढ नातेवाइकांना शोधून कळवावे लागते. कॅलिफोर्नियात मूल कुठे ठेवायचे ठरवताना आजी-आजोबा, मामा-मावशी, काका-आत्या यांचा विचार आधी होतो. तिथे ‘जेव्ही-२८५’ नावाचा साधा फॉर्म आहे: मूल आपल्याकडे ठेवाल का, निदान भेटाल का, फोनवर बोलाल का, हे नातेवाइकाने त्यात भरायचे आणि तो थेट न्यायालयापुढे जातो.

सर्वांत घातक आहे ते ‘धावपळ व्यर्थ’ हे वाक्य, कारण नातेवाइकांची बाजू लंगडी पडते ती बरेचदा उशिरामुळे. १९९४ च्या ‘इन रे स्टेफनी एम.’ या प्रकरणात मेक्सिकोतली आजी नातीला मागत होती, पण तोवर नात फॉस्टर कुटुंबात रुजली होती. नातेवाइकांना मिळणारे प्राधान्य म्हणजे त्यांच्याकडेच मुलाचे हित आहे असे गृहीतक नव्हे, असे म्हणून कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने नातीचे स्थैर्य वरचढ मानले. शिवाय १९९७ च्या संघीय कायद्याने, मूल २२ पैकी १५ महिने फॉस्टर व्यवस्थेत राहिले की, काही अपवाद सोडता, पालकत्व संपवण्याचा अर्ज राज्याला करावाच लागतो. हे महिने पुण्यातली आजी वाट पाहत बसली तरी मोजले जातातच.