व्हर्नची तोफ राहू द्या, त्याचा ऑक्सिजनचा नळ बघा

जुलै उजाडला की व्हॉट्सॲपवर तो फॉरवर्ड येतोच. फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्नने म्हणे अपोलो ११ च्या चांद्रमोहिमेचं १८६५ सालीच सगळं सांगून ठेवलं होतं : तीन माणसं, फ्लोरिडातून उड्डाण, परत येताना पॅसिफिकमध्ये. खाली हात जोडलेले इमोजी. यंदा आमच्या शाळेच्या ग्रुपवर तिघांनी टाकला, त्यातला एक चक्क मेकॅनिकल इंजिनिअर.

अरे बाबांनो, व्हर्नने त्या तिघांना तोफेतून उडवलं होतं! ९०० फुटांची तोफ, आणि तेवढ्याशा अंतरात सेकंदाला अकरा किलोमीटरचा वेग. हिशेब मांडून बघा, स्वतःच्या वजनाच्या वीस हजार पटींहून जास्त भार येतो अंगावर. खाली पाण्याची गादी दिली होती त्याने, पण थालीपीठ व्हायचं ते झालंच असतं. भाकीत म्हणून नाचायचं तर हेही मोजा की.

माझं मत असं, की गोष्टींमध्ये अंतराळयान कधी आलं हे शोधायचं तर ते उडतं कशाने हे विचारूच नये. आतला माणूस श्वास कसला घेतो, ते विचारावं. दुसऱ्या शतकात ग्रीक लेखक लुशियनच्या गोष्टीतलं जहाज वावटळीने उचलून चंद्रावर नेलं. १६३८ मध्ये इंग्रज लेखक गॉडविनचा नायक रानहंस जुंपून गेला. फ्रेंच लेखक सिरानोने गोष्टीत अंगाला दवाच्या बाटल्या बांधल्या, कारण ऊन पडलं की दव वर जातं! मजा आहे, पण सगळे उघड्यावर. खगोलशास्त्रज्ञ केप्लरला तेवढी शंका आली होती, त्याने आपल्या गोष्टीतल्या प्रवाशांच्या नाकाला ओले स्पंज लावले.

खरी धास्ती घेतली ती अमेरिकन लेखक एडगर ॲलन पोने, १८३५ मध्ये. त्याचा हान्स फाल रॉटरडॅमचा, भाते दुरुस्त करणारा, देणेकऱ्यांना कंटाळून बलूनने चंद्राकडे निघालेला. वरची हवा विरळ, म्हणून पाळण्याभोवती रबरी पिशवी आणि हवा दाबून आत घेणारं यंत्र. पण कोंडलेली हवा खराब होते, तासातासाला बदलावी लागते. मग झोपायचं कसं? पठ्ठ्याने पाण्याचं पिंप बसवलं, बारीक धार लावली, खाली भांडं ठेवलं. साठ मिनिटांनी भांडं भरून वाहायचं आणि गार पाणी थेट तोंडावर. उठा, हवा बदला, पुन्हा आडवे व्हा. रात्रभर हेच. (तान्ह्या बाळाच्या आईला यात काही नवल वाटणार नाही.) गोष्ट शेवटी थट्टेवारी जाते, पण मला पहिलं यान त्या पिंपाखाली दिसतं.

व्हर्न इथेच भारी आहे. पोटॅशियम क्लोरेट तापवून ऑक्सिजन काढायचा, कॉस्टिक पोटॅशने कार्बन डायऑक्साइड शोषून घ्यायचा. कादंबरीच्या १८७० मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात तिघांपैकी आर्दां ऑक्सिजनचा नळ चुकून पूर्ण उघडा ठेवतो. तिघे प्यायल्यासारखे भांडतात, नाचतात, सोबतच्या कोंबड्याही फडफडू लागतात. निकोल नळ बंद करतो तेव्हा कुठे शांतता. ऑक्सिजनने असं कोणी झिंगत नाही, ते सोडा. पण नळाकडे लक्ष नसेल तर काय होईल, हा प्रश्न त्याला पडला. वाटेत मेलेला सोबतचा कुत्रा बाहेर टाकतानाही खिडकी झटकन उघडून मिटतात, हवा जाऊ नये म्हणून.

बरोबर शंभर वर्षांनी, एप्रिल १९७० मध्ये, चंद्राकडे निघालेल्या अपोलो १३ यानातले तिघे याच प्रश्नाशी येऊन अडकले. कार्बन डायऑक्साइड शोषणारे लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे, म्हणजे व्हर्नच्या पोटॅशचे सख्खे चुलतभाऊ. मुख्य यानातले डबे चौकोनी, चंद्रावर उतरायच्या यानातली जागा गोल. प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा आणि चिकटपट्टीने जुळवाजुळव केली तेव्हा हवा पुन्हा घेण्याजोगी झाली. फॉरवर्डच करायचं तर हे करा.

१९०१ मध्ये इंग्रज लेखक एच. जी. वेल्सने कादंबरीत गुरुत्वाकर्षण अडवणारा केव्होराइट नावाचा पदार्थ काढला, तेव्हा व्हर्न म्हणाला, तो धातू दाखवा मला. म्हणजे तोही इंजिनावरच भांडला! त्यापेक्षा पर्सी ग्रेगच्या १८८० च्या कादंबरीतलं मंगळयान मला जवळचं, आत चक्क बाग आहे.

आणि हो, कमेंटमध्ये पुष्पक विमान येणार, माहीत आहे. पण त्यात कितीही बसले तरी जागा उरायची. हवा मोजून घ्यायची पाळी कोणावर आली नाही.

भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला व्हर्न माझ्याकडून कोणीतरी वाचायला नेलाय, सातेक वर्षं झाली. तो 'कोणीतरी' माझ्या याच फ्रेंड लिस्टमध्ये आहे. पान दुमडलेलं असलं तरी चालेल, आणून दे.