येऊरला जाताय ना, मग नीट जा

रविवारी ठाण्याच्या येऊरच्या जंगलात जायचा प्लॅन ठरलाय ना, मस्त. पण ते पहाटे सहाला जायचं खूळ डोक्यात घेऊ नका, त्या वेळेला फक्त ते दुर्बीणवाले असतात, माना वर करून उभे आणि आपण जरा बोललो की लगेच तोंडावर बोट. आपण आरामात उठायचं, उपवनला तळ्याजवळ नाष्टा हाणायचा आणि अकराच्या सुमारास चढ चढायचा. नऊ माणसं असतील तर पाच गाड्या तरी पाहिजेतच, शेवटी निसर्गात चाललोय, कोंबून थोडीच जायचं. हॉर्न वळणावर द्यायचाच, सरळ रस्त्यावर पण द्या, माकडांना कळू दे कोण आलंय ते.

चौकीवर वनखात्याचा माणूस विचारेल, बाटली वगैरे आहे का गाडीत? छे छे काका, फॅमिली आहे, म्हणायचं. मग तो सांगेल की हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. हे मनावर घेऊ नका, बोरिवलीकडून आत गेलं की ते नॅशनल पार्क आणि ठाण्याकडून गेलं की टर्फ, बंगले आणि हळदी, आपल्याकडे पद्धतच आहे तशी. शंभर चौरस किलोमीटरच्या वर जंगल आहे, एका स्पीकरने काय फरक पडणारे? २०१६ च्या डिसेंबरात आजूबाजूचा पट्टा इको सेन्सिटिव्ह झोन म्हणून जाहीर झाला म्हणतात, पण आपण पण सेन्सिटिव्ह आहोतच की, गाणं मधेच थांबवलं की आपल्याला किती लागतं.

वाटेत पाडे लागतील. मे महिन्यात एखादी आजी पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन बसलेली असते, काट्याकुट्यातून तोडून आणलेली. वीसचा वाटा दहाला मागायचाच, आणि ती नाही म्हणाली तर "महाग झालं हो सगळं" असं गाडीच्या काचेतून म्हणून पुढे जायचं. संध्याकाळी मॉलच्या पार्किंगला साठ रुपये द्यायचेत, ते कुठून काढणार?

कारवी म्हणजे डोंगरउतारावरचं ते झुडूप, सात-आठ वर्षांतून एकदा फुलतं, बी टाकतं आणि मरतं. म्हणजे नशिबाने जांभळा डोंगर दिसलाच तर लांबून फोटो काढून काय उपयोग, सरळ आत घुसा, फांदी मोडून केसात खोचा, रील झालं की टाकून द्या. बी धरलं नाही तर तो कारवीचा प्रॉब्लेम.

माकडांना वेफर्स द्या, पुण्य लागतं. ते पुड्याचा कोपरा दातांनी फाडतं, आतले संपवतं, मग पुडा उलटा झटकून मसाला बोटांनी चाटतं, अगदी आपल्या बंड्यासारखं. पुढच्या रविवारी तेच माकड कोणाच्यातरी बॅगेची चेन उघडेल, पण तेव्हा तुम्ही नसाल ना तिथे, मग झालं तर.

आता मेन गोष्ट, जेवण. बिर्याणीच मागवा, पोळीभाजी न्यायला ती काय शाळेची सहल आहे? खाऊन झालं की हाडं, फॉइलचे डबे, थर्माकोलच्या प्लेटा सगळं एका पिशवीत भरायचं, पिशवीला छान गाठ मारायची (आपण काय घाणेरडे आहोत का) आणि झाडाला लटकवून निघायचं. उचलायला येतात तिथे. कुत्रे येतात. कुत्र्यांमागे बिबट्या येतो, हरणामागे पळत बसण्यापेक्षा उष्ट्यावर पोसलेला कुत्रा बरा पडतो त्याला, त्याचं काय चुकलं? आणि कुत्रा काय एवढ्या एका पिशवीवर थांबतो का, खाली सोसायटीच्या कचराकुंडीपर्यंत त्याची लाईन लागलेली असते, त्याच लाईनने मग एका रात्री तो दुसरा पण उतरतो.

सीसीटीव्हीत शेपटी दिसली की ताबडतोब ग्रुपवर टाका, सोबत लाल रंगाचे पंधरा इमोजी. पकडा आणि लांब कुठेतरी सोडून या अशी मागणी करा, भले २००० नंतरच्या काही वर्षांत जुन्नरकडे असेच बिबटे पकडून दुसरीकडे सोडल्यावर हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले असतील, जुन्नर लांब आहे. आणि कोणी शहाणा विचारेल की लांब म्हणजे नक्की कुठे, तर लिहा, "अहो, जंगलात सोडा ना!" फक्त रविवारी नको म्हणावं, रविवारी आपलं बुकिंग आहे.