हेड उतरवलंय म्हणून फेस मारायचाच का?

जुन्या गाड्या हौसेने सांभाळणाऱ्यांमध्ये सध्या सिलिंडर हेडबद्दल एक सल्ला फिरतोय. हेड म्हणजे इंजिनच्या ब्लॉकवर बसणारं, व्हॉल्व्ह असलेलं वरचं झाकण; गॅसकेट म्हणजे या दोघांमधला सांधा बंद करणारा पत्रा; फेस मारणं म्हणजे हेडची खालची बाजू मशीनवर थोडी कापून सपाट करणं; आणि सीट म्हणजे बंद होताना व्हॉल्व्ह टेकतो ती गोल कड. सल्ला थोडक्यात असा: 'इंजिन गरम असतानाच हेड खोला, बोल्ट सहज सुटतात. कास्टिक सोड्याच्या पाण्यात उकळून काढा. उतरवलंच आहे तर फेस मारून घ्या. व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासा, बिनशिशाच्या पेट्रोलसाठी हार्ड सीट बसवा, नवं गॅसकेट टाका. मोजत बसू नका, जुनी गाडी आहे, विमान नाही.'

शेवटचं वाक्य लोकांना फार आवडलेलं दिसतं. मला नेमकी त्याचीच चीड येते. जुन्या हेडमध्ये कापण्याजोगा धातू थोडाच उरलेला असतो, आणि एकदा कापला की गेला.

गरम असताना खोलण्याचं आधी उरकतो. गरम इंजिनवर करायची ती कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणं. एखाद्या सिलिंडरचा दाब कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा बघा. दाब वाढला तर संशय पिस्टनच्या रिंगांवर, तसाच राहिला तर व्हॉल्व्हवर किंवा गॅसकेटवर. बोल्टला हात लावायचा तो इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, कडेकडून मध्याकडे, थोडं थोडं ढिलं करत. अ‍ॅल्युमिनियमचं हेड गरम असताना सोडवलं तर ते वाकतं. मग फेस मारायची वेळ खरंच येते, आणि सल्ला देणाऱ्याला वाटतं आपलं बरोबर होतं!

कास्टिकबद्दल एकच सांगतो: ओतीव लोखंडाला चालतं, अ‍ॅल्युमिनियमला ते खातं. बुडबुडे येताना दिसतात ती घाण सुटत नसते, हेड विरघळत असतं.

आता फेस. पृष्ठभागावर गॅसकेटचा कण राहू देऊ नका. मग सरळ पट्टी उभ्या धारेवर ठेवा, लांबीला, रुंदीला आणि दोन्ही तिरक्या दिशांना. खालून 0.05 मिमीचं फिलर गेज (फट मोजायची पातळ पात) सरकवून बघा. चार सिलिंडरच्या हेडला ते कुठेच शिरत नसेल, धातू पाण्याने कुरतडलेला नसेल, तर फेस मारायचं कारणच नाही. नेमकी मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते, तीच धरायची.

'अर्ध्या मिलिमीटरने काय होतं?' हे नेहमीचं उत्तर. हिशेबच करू. एका सिलिंडरचं आकारमान 250 सीसी आणि कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली असतानाची जागा वर असतानाच्या जागेच्या किती पट) 8.5 असेल तर पिस्टन वर आल्यावर सुमारे 33 सीसी जागा उरते. हेडमधल्या चेंबरचं, म्हणजे पेट्रोल जळतं त्या पोकळीचं, तोंड 30 चौरस सेंमी धरलं तर अर्धा मिमी कापल्यावर दीड सीसी जाते आणि रेशो 8.9 च्या आसपास पोचतो. आधीच्या कुणी अर्धा मिमी काढलेला असेल (जुन्या गाडीत बहुधा असतोच) तर आता 9.25. वाढलेल्या रेशोमुळे चढावर इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागले की लोक पेट्रोलला नावं ठेवतात. शिवाय पुशरॉडच्या इंजिनात (जिथे खालचा कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, लांब रॉडनी वर ढकलतो) रॉड लांब पडतात, वर हेडमध्ये कॅम आणि चेन असेल तर व्हॉल्व्ह टायमिंग मागे सरकतं. म्हणून कापण्याआधी हेडची जाडी मोजून मॅन्युअलमधल्या किमान जाडीशी ताडायची.

एकदा मी स्वतःच हे शिकलो. जास्त तापलेल्या गाडीचं अ‍ॅल्युमिनियमचं हेड फेस मारून आलं, आरशासारखं. रॉकर काढून ठेवले, कॅम जागेवर बसवला, बेअरिंगच्या टोप्या आवळल्या आणि तो हाताने फिरेना. मधल्या बेअरिंगला अडकत होता. हेड वाकलं होतं वरपासून खालपर्यंत. मशीनने फक्त खालची बाजू सरळ केली, कॅमची रांग तशीच कमानदार राहिली. असं हेड आधी तापवून, दाब देऊन सरळ करतात, मग लागलंच तर फेस.

पेस्टची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि सीट एकमेकांवर घासून बसवायच्या खरखरीत लेपाची, गोष्ट वेगळी. पेस्ट वाईट नाही, तिचा क्रम शेवटचा आहे. व्हॉल्व्ह थोडा उचलून डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. डुगडुगला तर गाइड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी, झिजलंय. सीट कापायचं हत्यार गाइडमध्येच टेकून फिरतं, म्हणून आधी गाइड, मग सीट, मग हलका पेस्टचा हात. झिजक्या गाइडवर कितीही घासा, व्हॉल्व्ह दर वेळी वेगळ्या जागी बसणार. उलट जास्त घासून सीट रुंद होते आणि व्हॉल्व्ह खोल जातो. तो खोल गेला की वरचं टोक उंच येतं आणि स्प्रिंग ढिली पडते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड सुरीसारखी पातळ झाली असेल तर तो फेकाच, ती कड आधी जळते.

हार्ड सीटच्या सल्ल्यात निम्मं सत्य आहे, म्हणूनच तो टिकलाय. शिशाचा थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये गादीसारखा राहायचा. तो गेल्यावर ओतीव लोखंडात थेट कापलेल्या सीट जास्त वेगाने, जास्त भाराने चालवल्यास झिजतात. पण अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये सीट मुळातच वेगळ्या बसवलेल्या असतात. आणि लोखंडी हेडमध्येही नव्या सीटसाठी खोबण कापताना खालचं पाण्याचं जॅकेट (थंड करणारं पाणी फिरतं ती पोकळी) फुटू शकतं. झीज चालू आहे का हे टॅपेटची गॅप, म्हणजे व्हॉल्व्हचं टोक आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट, सांगते: एक्झॉस्टची गॅप दर तपासणीला कमी होत असेल तर सीट खाली चाललीय. आकडे तारखेसकट लिहून ठेवा. गॅप जागच्या जागी असेल तर जुनी सीट राहू द्या.

या सल्ल्यात तडा तपासण्याचा शब्दही नाही, याचं मला खरं आश्चर्य. दोन सीटमधल्या अरुंद पट्टीवरचा केसाएवढा तडा नुसत्या डोळ्याला दिसत नाही. लोखंडाला चुंबकीय तपासणी, अ‍ॅल्युमिनियमला रंग मुरवायची, आणि दोन्हींना पाण्याची तोंडं बंद करून, आत हवा भरून, गरम पाण्यात बुडवून बुडबुडे बघायची. पैसे खर्चायचेच तर इथे, फेस आणि सीटच्या आधी.

राहिलं गॅसकेट. ते नवंच हवं, यावर वाद नाही. फक्त ब्लॉकमधली बंद भोकं आधी कोरडी करा. तळाशी पाणी किंवा ऑइल साचलं असेल तर आवळताना बोल्टखाली दाब कोंडतो, टॉर्क (आवळण्याचा मोजलेला जोर) खोटा दिसतो, कधी ब्लॉकही तडकतो. हवा मारून झाली तरी मी प्रत्येक भोकात कापडाची वात फिरवतो. ओली निघाली की पुन्हा हवा.